जुलमी राजावर चित्रपट लिहायचा तर आधी त्याचा हुकूम शोधा

जुलमी राजावरच्या पटकथेचा पहिला खर्डा बहुतेक वेळा एकाच दृश्याने उघडतो. उंच पायऱ्या, वर राजा, खाली गुडघ्यावर बसवलेला कैदी. राजा बोट हलवतो, तलवार खाली येते, दरबार गप्प. माझाही पहिला खर्डा असाच उघडत होता. तिसाव्या पानापर्यंत पोचलो तेव्हा कळलं की पुढे लिहायला काही उरलेलंच नाही. राजा क्रूर आहे हे पहिल्या मिनिटाला सांगून झालं होतं. त्यानंतरचं प्रत्येक दृश्य तेच पुन्हा सांगत होतं, फक्त रक्त वाढवून.

तो खर्डा बाजूला ठेवून मी नव्याने सुरुवात केली. त्या कामातून हाती लागलं ते इथे पायरीपायरीने मांडतो आहे. उदाहरण एकच घेतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही: चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग. जन्म इ.स.पू. २५९. तेराव्या वर्षी छिन राज्याची गादी. इ.स.पू. २२१ पर्यंत उरलेली सहा राज्यं जिंकून सगळा देश एका सत्तेखाली. इ.स.पू. २१० मध्ये दौऱ्यावर असताना मृत्यू, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत घराणंच संपलं.

पहिली पायरी: काळ कापून घ्या

जन्मापासून मरणापर्यंत सगळं घ्यायचा मोह आवरा. अडीच-तीन तासांत पन्नास वर्षं कोंबली की प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर साल लिहावं लागतं आणि कोणीच माणूस म्हणून उभा राहत नाही. मी दोन तुकडे निवडले. पहिला इ.स.पू. २२७ ते २२१: राजावरचा हल्ला, शेवटची युद्धं, सम्राटपद. दुसरा इ.स.पू. २१३ ते २१०: ग्रंथ जाळण्याचा हुकूम, विद्वानांची हत्या, राजाचा मृत्यू. मधली आठ वर्षं एका काळ्या पडद्यात. प्रेक्षक ती उडी सहज घेतो, कारण पहिल्या तुकड्यात पेरलेलं दुसऱ्यात उगवलेलं त्याला दिसतं.

दुसरी पायरी: साधनांच्या तीन थप्प्या करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. इथे केलेली घाई पुढे कुठेच भरून निघत नाही.

पहिली थप्पी इतिहासकाराची. छिन शी हुआंगबद्दल आपल्याला माहीत असलेलं बहुतेक सगळं सीमा छियान या इतिहासकाराकडून येतं. त्याने लिहिलं ते राजाच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी, आणि ज्या हान घराण्याने छिननंतर सत्ता घेतली त्याच घराण्याच्या दरबारात बसून. आधीचा राजा जितका वाईट, तितकं नव्यांचं राज्य न्याय्य ठरतं, हे वाचताना विसरायचं नाही. पण दुसरी बाजूही आहे. पराभूत सेनापतीची बाजू घेतली म्हणून याच सीमा छियानला त्याच्या सम्राटाने खच्ची करण्याची शिक्षा दिली होती. राजाच्या एका शब्दाने माणसाचं काय होतं, हे त्याने अंगावर सोसलं होतं. म्हणून त्याची पानं फेकून द्यायची नाहीत. ती एका जखमी साक्षीदाराची जबानी समजून वाचायची.

दुसरी थप्पी त्याच काळातल्या कागदपत्रांची. कागद हा शब्द इथे सवयीने आला. तेव्हा लिहायचे ते बांबूच्या पट्ट्यांवर. १९७५ मध्ये हूबे प्रांतातल्या शुइहूदी इथे छिन राज्यातल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याची कबर उघडली. त्याच्या देहाभोवती अकराशेहून अधिक पट्ट्या मांडलेल्या होत्या, आणि त्यांत कायदेच कायदे.

तिसरी थप्पी जमिनीतल्या वस्तूंची. १९७४ मध्ये शीआनजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीचे सैनिक सापडले. तिथून सुरू झालेलं उत्खनन आजही चालू आहे, आणि खुद्द राजाची समाधी अजून उघडलेली नाही.

आता या थप्प्या एकमेकींशी भांडतात तिथे थांबायचं. माझ्यासाठी ती जागा अशी होती. सीमा छियान सांगतो की इ.स.पू. २०९ मध्ये सरहद्दीवर पहाऱ्याला निघालेले ९०० जण पावसात अडकले. उशिरा पोचणाऱ्याला मृत्युदंड ठरलेला, म्हणून त्यांनी बंड केलं आणि त्यातून घराणं कोसळलं. शुइहूदीच्या पट्ट्यांवर मात्र सरकारी वेठीला उशीर झाला तर काय, ते सरळ लिहिलंय: तीन ते पाच दिवस उशीर असेल तर समज, सहा ते दहा दिवसांना एका ढालीच्या किमतीचा दंड, दहाच्या पुढे एका चिलखताच्या किमतीचा. पावसाने अडवलं तर बोलावणंच रद्द. हा नियम वेठीच्या कामाचा आहे आणि सरहद्दीच्या पहाऱ्याला तोच लागू होता का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तरी तो वाचला आणि माझ्या डोक्यातला राक्षसाचा चित्रपट तिथेच संपला. ढाल, चिलखत, दिवसांचा हिशेब. या राज्यातला जुलूम आरडाओरडा करत नव्हता, तो नोंदवहीतून यायचा.

वहीत तीन रकाने आखा: काय घडलं, कोण सांगतो, त्याला ते सांगण्यात काय मिळत होतं. ग्रंथ जाळण्याची नोंद पहिल्या रकान्यात जाईल. ४६०हून अधिक विद्वानांना जिवंत पुरल्याची कथा लिहिताना मात्र दुसरा-तिसरा रकाना भरूनच पुढे जा, कारण तिच्याबद्दल आजचे अनेक इतिहासकार साशंक आहेत. ती पटकथेत घ्यायची की नाही हा तुमचा निर्णय. मी घेतली, पण खड्डा दाखवला नाही. दाखवली ती नावांची यादी करणारा कारकून आणि यादीत एकेक नाव वाढत जाणं.

तिसरी पायरी: एक हुकूम निवडा आणि त्याच्या मागे चालत जा

राजाचा राग हा चित्रपटाचा कणा होऊ शकत नाही. राग एका क्षणाचा असतो. हुकूम प्रवास करतो, आणि कथेला प्रवास लागतो.

इ.स.पू. २१३ चा ग्रंथांचा हुकूम घ्या. त्याची सुरुवात राजधानी श्यानयांगच्या राजवाड्यातल्या मेजवानीत होते. एक विद्वान उठतो आणि म्हणतो, जुन्यांचा दाखला सोडला तर राज्य टिकत नाही. राजा चिडत नाही, तो विषय चर्चेला देतो. प्रधान ली सी उत्तर तयार करतो: जुन्या ग्रंथांच्या आधारे आजच्या राज्याला नावं ठेवणं बंद व्हायचं असेल तर ते ग्रंथच लोकांकडून काढून घ्यावेत. वैद्यक, शकुन-भविष्य, शेती वगळून. तीस दिवसांत जाळले नाहीत तर चेहऱ्यावर गोंदण आणि सक्तमजुरी. राजा फक्त मान्यता देतो.

मेजवानीतलं वाक्य, प्रधानाचा मसुदा, राजाचा होकार, मुद्रा, घोडेस्वार, जिल्हा कचेरी, गावातला शिक्षक, त्याच्या घरातली पट्ट्यांची गुंडाळी. या प्रत्येक टप्प्यावर एक माणूस आहे आणि त्या प्रत्येकाला काहीतरी ठरवायचं आहे. तो मसुद्यात एक शब्द वाढवेल का? तीस दिवस मोजायला कधी सुरुवात करेल? शेजाऱ्याचं नाव देईल का? हे सगळे प्रसंग कल्पनेतले असतील, पण त्यांची चौकट खरी आहे. मोठ्या कागदावर हुकमाचा हा नकाशा काढून भिंतीवर लावा. माझ्या वन-लाइनमधली, म्हणजे दृश्यांच्या क्रमवार यादीतली, निम्मी दृश्यं त्या नकाशातून आली.

चौथी पायरी: खालच्या माणसाला आवाज द्या, पण उसना नको

प्राचीन काळातल्या सामान्य माणसाच्या तोंडी आपण फार लवकर स्वातंत्र्याची भाषणं घालतो. त्याआधी त्याचे खरे शब्द कुठे सापडतात का ते शोधा.

शुइहूदीच्याच दुसऱ्या एका कबरीत दोन लाकडी पट्ट्या मिळाल्या. छू राज्यावरच्या स्वारीत असलेल्या दोन भावांनी घरी पाठवलेली ती पत्रं आहेत, साधारण इ.स.पू. २२३ ची. हेइफू नावाचा भाऊ आईला निरोप देतो: पैसे पाठव आणि उन्हाळ्याचे कपडेही. आपल्याकडे कापड स्वस्त असेल तर कपडे शिवून पैशांबरोबर पाठव. महाग असेल तर नुसते पैसेच पाठव, मी इथे कापड घेऊन शिवून घेईन. दुसऱ्या भावाने उसने पैसे घेतलेत. घरून पैसे आले नाहीत तर मेलोच म्हणून समजा, असं तो लिहितो, आणि शेवटी ‘तातडीचं’ या अर्थाचा शब्द तीनदा.

ही पत्रं मी पहिल्यांदा वाचली त्या रात्री दुसरं काहीच लिहू शकलो नाही. राजा देश एक करत होता, आणि त्याच्याच सैन्यातला माणूस अंगावरच्या सदऱ्यासाठी आईला कापडाचा भाव विचारत होता. राजाबद्दल त्यात एक अक्षर नाही. म्हणूनच या पत्रांइतकं राजाबद्दल मला दुसऱ्या कशाने सांगितलं नाही.

माझ्या संहितेत हा सैनिक लढाईतून वाचतो आणि पुढे दंड न फेडता आल्याने राजाच्या समाधीच्या कामावर जातो. पुढचं हे सगळं माझं आहे, पण आधाराशिवाय नाही. समाधीच्या परिसरात मजुरांच्या कबरी सापडल्या आहेत आणि त्यांतल्या फुटक्या कौलांवर नावं, गावं कोरलेली आहेत. काहींच्या नावापुढे तो दंडापोटी राबत होता अशी नोंदही आहे. एक कौल, एक नाव, एक गाव. कॅमेरा तिथे दहा सेकंद थांबू दे.

पाचवी पायरी: राजाला त्याची कारणं द्या

इथे लेखक घाबरतो. राजाची बाजू लिहिली तर आपण त्याला माफ केलं असं होईल का? नाही होत. उलट राजाचं म्हणणं जितकं पटेल, तितकी प्रेक्षकाला स्वतःची भीती वाटेल.

या राजाकडे कारणं भरपूर आहेत. त्याचा जन्म शत्रूच्या राजधानीत, हानदानला झाला, कारण बाप तिथे ओलीस होता. गादीवर आला तेव्हा कारभार दुसऱ्याच्या हातात. वयात आला त्याच सुमारास आईच्या प्रियकराने बंड केलं. त्याच्या आधी शतकानुशतकं ही राज्यं एकमेकांशी लढत होती, आणि ते त्याने थांबवलं. लिपी एक केली, वजनं-मापं एक केली, गाड्यांच्या आसांची रुंदी एक केली, मधे चौकोनी भोक असलेलं गोल नाणं सगळीकडे चालवलं. जिंकलेल्या राज्यांची शस्त्रं वितळवून बारा अजस्र पुतळे ओतले. हे शेवटचं दृश्य लिहिताना त्याला खरोखर वाटू द्या की आता युद्ध संपलं.

आणि तो कामसू होता. रोज एका ठराविक वजनाच्या पट्ट्या वाचून झाल्याशिवाय तो विश्रांती घेत नसे, असं सांगतात. आजच्या मापाने ते वजन सुमारे तीस किलो भरतं. नटाला मद्याचा पेला देण्याऐवजी तराजू द्या. रात्र, दिवा, तराजूच्या पारड्यात पट्ट्यांच्या गुंडाळ्या, आणि एकटा माणूस वाचतोय. अशा माणसाच्या हातून काय काय घडेल याची भीती आपोआप वाटायला लागते.

सहावी पायरी: हिंसेचं दृश्य हुकमाच्या बाजूने रचा

इ.स.पू. २२७ चा हल्ला हे कोणत्याही पटकथाकाराला आयतं मिळालेलं सोनं आहे. यान राज्याकडून जिंग के नावाचा माणूस भेट घेऊन येतो: पेटीत राजाच्या फितूर सेनापतीचं मुंडकं आणि गुंडाळलेला नकाशा. सोबतचा साथीदार पायऱ्यांवरच थरथरायला लागतो. नकाशा उलगडत जातो आणि शेवटच्या वळणात खंजीर. जिंग के राजाची बाही पकडतो, बाही फाटते, राजा पळतो, खांबाभोवती पाठलाग सुरू होतो.

तलवारबाजी म्हणून हे लिहिलं तर ते दहा चित्रपटांसारखं होईल. इथली खरी गोष्ट नियमांची आहे. दरबारात कोणी शस्त्र बाळगायचं नाही, हा कायदा. शस्त्रधारी पहारेकरी खाली उभे, आणि राजाच्या हुकमाशिवाय त्यांनी पायरी चढायची नाही, हाही कायदा. राजा इतका घाबरलाय की हुकूम त्याच्या तोंडून फुटत नाही. म्हणून पहारेकरी खालूनच बघत राहतात. एक वैद्य हातातली औषधाची पिशवी फेकून मारतो. तलवार इतकी लांब की पळता पळता म्यानातून निघत नाही. कोणीतरी ओरडतं, तलवार पाठीवर घ्या! मग ती निघते.

दृश्य रचताना कॅमेरा तीन ठिकाणी वाटून द्या: खांबाभोवती, दरबाऱ्यांच्या रिकाम्या हातांवर, आणि खालच्या पहारेकऱ्याच्या पायावर. एक पाऊल पहिल्या पायरीवर जातं आणि मागे येतं. हा शॉट शूटिंगच्या घाईत गळू देऊ नका. सगळं संपल्यावर राजा बराच वेळ सुन्न बसून राहिला, अशी नोंद आहे. तेव्हा त्याला संवाद नको, त्या पायरीकडे त्याची नजर पुरे.

याचा जोडीदार प्रसंग दुसऱ्या तुकड्यात येतो. टेकडीवरच्या राजवाड्यातून राजाला प्रधानाच्या गाड्यांचा लांबलचक ताफा दिसतो आणि त्याला ते आवडत नाही. काही दिवसांनी ताफा लहान झालेला. म्हणजे आपलं बोलणं बाहेर गेलं. कोणी सांगितलं? कोणी कबूल होत नाही. त्या वेळी हजर असलेल्या सगळ्यांना मारलं जातं. इथे मरणं दाखवू नका. त्याच दालनात दुसऱ्या दिवशी नवे चेहरे उभे आहेत आणि कोणी मान वर करत नाही, एवढंच.

सातवी पायरी: बोली

मराठीत लिहिताना राजा आला की हात आपोआप ‘आम्ही’ लिहितो. तो जरा राखून ठेवा. सम्राटपद घेताना या राजाने ‘मी’ या अर्थाचा एक शब्द फक्त स्वतःपुरता राखून घेतला. त्याआधी तो कोणीही वापरत असे. आपल्याला ही गोष्ट भाषेतूनच दाखवता येते. पहिल्या तुकड्यात राजाही सगळ्यांसारखा ‘मी’ म्हणू दे. पदवी घेतल्याच्या दृश्यात पहिल्यांदा ‘आम्ही’ येऊ दे, आणि कोणीतरी चमकून बघू दे. ‘महाराज’, ‘मुजरा’, ‘जहाँपनाह’ हे शब्द मात्र टाळा. ते सोबत दुसराच दरबार घेऊन येतात. ‘सम्राट’ आणि ‘आपण’ एवढ्यावर काम भागतं. सैनिकांमध्ये सरळ अरे-तुरे.

आठवी पायरी: वेशभूषा आणि कलादिग्दर्शनासाठी टिपण

हे टिपण संहितेसोबतच द्या, नंतर कोणी वाचत नाही. रिकिबी नको, मातीच्या घोड्यांवर खोगीर आहे, रिकीब नाही. कागद नको. खुर्ची नको, माणसं चटईवर बसत. दरबाराचा रंग पिवळा नाही, काळा. सरहद्दीवरची चीनची भिंत विटांची दाखवू नका, ती फार नंतरची. तेव्हाची भिंत बरीचशी माती ठोकून उभारलेली. मातीचे सैनिक आज राखाडी दिसतात, पण मुळात ते रंगवलेले होते, त्यामुळे सैन्य एकरंगी करू नका.

एक वस्तू मात्र आवर्जून बनवून घ्या: काशाचा छोटा वाघ, उभा दोन भागांत कापलेला. छिन राज्याचा असा एक अर्धा वाघ सापडला आहे. त्याच्यावर लिहिलंय की उजवा भाग राजाकडे, डावा स्थानिक अधिकाऱ्याकडे. पन्नास किंवा त्याहून जास्त चिलखती माणसं हलवायची तर दोन्ही अर्धे जुळले पाहिजेत. दोन अर्ध्या भागांचा जुळतानाचा आवाज हा माझ्या चित्रपटाचा ध्वनी आहे.

गर्दीबद्दल थोडक्यात. समाधीच्या कामावर सात लाख माणसं होती असं सीमा छियान लिहितो. संहितेत ‘हजारो मजूर’ लिहू नका, त्याने निर्मात्याचं फक्त बजेट घाबरतं. चाळीस ज्युनिअर आर्टिस्ट, एक दोर, एक दगड, आणि दगड सरकत नाही, असं लिहा. एखादा लाँग शॉट व्हीएफएक्सवर सोडा.

नववी पायरी: शेवट त्याच हुकमाने

इ.स.पू. २१० च्या उन्हाळ्यात राजा राजधानीपासून दूर मेला. खोजा झाओ गाओ आणि प्रधान ली सी यांनी ते लपवलं. बंद गाडीत जेवणाची ताटं जात राहिली, कामकाजाला उत्तरं येत राहिली, आणि कुजण्याचा वास झाकायला गाड्यांवर खारवलेले मासे चढवले. हे दृश्य कोणीही लिहील. चित्रपटाचा खरा शेवट त्याच्या पुढे आहे.

उत्तर सरहद्दीवर राजाचा थोरला मुलगा फूसू आहे. विद्वानांना कठोर शिक्षा नको, असं म्हणाला म्हणून बापाने त्याला सेनापती मेंग तियानकडे धाडलेलं. तिथे दूत खोटा हुकूम घेऊन येतो: स्वतःला संपव. माझ्या संहितेत ते दृश्य असं आहे:

मेंग तियान: थांबा. तीन लाखांचं सैन्य माझ्या हाताखाली आहे, आणि त्यावर देखरेखीला आपण. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला कोणी इथे ठेवतं का? एकदा विचारून घ्या. खरं निघालं तर मरायला उशीर होणार नाही.

फूसू: मुद्रा त्यांचीच आहे.

मेंग तियान: मुद्रा त्यांची आहे. हात कोणाचा आहे ते विचारा.

फूसू: बापाने मुलाला मर म्हटलं, मेंग. आता परत काय विचारू?

शेवटचं वाक्य थोड्याफार फरकाने इतिहासातलंच आहे. हुकूम आला की विचारायचं नाही, हे त्या बापाने सगळ्या देशाला शिकवलं होतं. पहिल्या तुकड्यातलं पायरीवरून मागे आलेलं पाऊल इथे पोचतं.

खर्डा झाल्यावर

पूर्ण संहिता घ्या आणि राजा ज्या दृश्यांत आहे ती सगळी पानं बाजूला काढा. उरलेली पानं सलग वाचा, शक्यतो मोठ्याने, समोर कोणीतरी बसवून. तेवढ्यातून कथा कळली पाहिजे, आणि राजा न दिसताही प्रत्येक पानावर जाणवला पाहिजे. माझ्या पहिल्या खर्ड्यात अशी चारच दृश्यं उरली होती. आत्ताच्या खर्ड्यात त्रेपन्न आहेत. त्यातलं पहिलं हेइफूच्या आईचं आहे. ती बाजारात कापडाच्या ठेल्यापाशी उभी राहून भाव विचारते, मनात पैसे मोजते, आणि पुन्हा एकदा भाव विचारते.